कच्चा लिंबू कुणाला म्हणायचं?

लहानपणी प्रत्येक गल्लीत एक कच्चा लिंबू असायचा. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर सुट्टीत आलेला मामेभाऊ. घरून हुकूम असायचा की यालाही खेळात घ्या. मग त्याला घ्यायचं, पण धरायचं नाही. तो आउट झाला तरी आउट नाही. त्यानं कुणाला शिवलं तरी राज्य येत नाही. त्याला वाटायचं आपण खेळतोय, आणि बाकीच्यांना ठाऊक असायचं की हा नुसता पळतोय.

या सोयीत दया होती. लहान पोराला बाहेर बसवण्यापेक्षा हे बरं. पण प्रत्येक कच्च्या लिंबाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की त्याला ही भानगड कळते. त्या दिवशी तो मैदानात फतकल मारून बसतो आणि ओरडतो, "मले बी धरा!" म्हणजे काय, तर मलाही आउट करा, माझ्यावरही राज्य येऊ द्या. नीट पाहिलं तर तो पोरगा जिंकू द्या असं म्हणतच नाही. तो हरण्याचा हक्क मागत असतो.

मोठ्या माणसांच्या जगात कच्चा लिंबू कुणाला म्हणायचं, हा प्रश्न मला गेला हंगामभर छळत होता. हंगाम म्हणजे जानेवारी ते मे, आमच्याकडचा टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. घर दारव्हा तालुक्यातल्या एका गावात. खेळाडू म्हणून मी बेताचाच, त्यामुळे गावाच्या संघात माझं काम मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये स्कोअर ठेवण्याचं. स्कोअर ठेवणाऱ्याला विचार करायला बराच वेळ मिळतो.

*

आधी जरा लांब जाऊ. अमेरिकेत बेसबॉलची सर्वांत वरची स्पर्धा म्हणजे मेजर लीग. तिच्यात ३० संघ. त्यांच्या खाली मायनर लीग नावाची शिडी आहे. २०२१ पासून या शिडीवर १२० संघ आहेत, म्हणजे वरच्या प्रत्येक संघामागे खालचे चार. त्याआधी १६० होते. फेररचना झाली आणि चाळीसहून जास्त संघांची वरच्यांशी असलेली गाठ सुटली.

या खालच्या संघांची रचना मजेशीर आहे. संघाचं नाव त्या छोट्या शहराचं, मैदान तिथलं, प्रेक्षक तिथले. खेळाडू मात्र वरच्या संघाचे. त्यांचा पगार वरून येतो आणि बदलीचा निरोपही वरूनच येतो. समजा खालचा संघ आपल्या स्पर्धेत पहिल्या नंबरवर आहे आणि ऐन शेवटच्या आठवड्यात त्याचा सर्वांत चांगला पिचर वरच्यांना हवा झाला. तो रात्रीतून जातो. गावाच्या ट्रॉफीचं काय, हे कुणी विचारत नाही. तिथं जिंकायला सगळेच खेळतात, पण संघ जिंकण्यासाठी चालवलेला नसतो. वरच्यांसाठी माणूस तयार करायला तो चालवलेला असतो.

अशा संघात दोन तऱ्हेचे खेळाडू असतात. काही होतकरू, ज्यांच्यावर वरच्यांचा डोळा असतो. बाकीचे वर जाणार नाहीत हे संघ चालवणाऱ्यांना जवळजवळ पक्कं माहीत असतं. मग त्यांना ठेवतात कशाला? कारण होतकरू पिचरला चेंडू झेलणारा कॅचर लागतो, मागं उभे राहणारे फिल्डर लागतात, समोर कुणीतरी बॅट घेऊन लागतो. एका पोराला तयार करायला बाकीची भरती. त्यांच्यासाठी शब्दही आहे: 'ऑर्गनायझेशनल प्लेअर'. ऐकायला भारदस्त, अर्थ साधा. कच्चा लिंबू, फक्त पगारी.

आणि पगारही कसला! वर्षानुवर्षं त्यांना हंगामाआधीच्या सरावाचे पैसे मिळत नव्हते. खेळाडू कोर्टात गेले. २०२२ मध्ये मेजर लीगनं १८.५ कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवला. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. म्हणजे "आम्हालाही धरा" हे शेवटी वकील लावून सांगावं लागलं.

आपल्याकडच्या दोघांनी ही शिडी पाहिली आहे. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल भालाफेक करायचे. २००८ मध्ये जोरात चेंडू फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांच्याशी करार केला. २००९ मध्ये ते अगदी खालच्या पायरीवर खेळू लागले. दिनेश २०१० संपताना परतला. रिंकू काही वर्षं टिकला, मग दुखापतींनी घेरला. मेजर लीगमध्ये दोघंही पोहोचले नाहीत. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमा आला, तो करार होतो तिथपर्यंतच जातो. पुढची वर्षं, बसचे प्रवास, खालच्या पायऱ्या, हे सिनेमाला नको होतं.

माइक हेसमनचं उदाहरण मात्र मला जास्त खुपतं. अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये त्यानं ४३३ होमरन मारले. हा तिथला विक्रम आहे. मेजर लीगमध्ये त्याला मिळाले १०९ सामने, त्यात १४ होमरन. म्हणजे सर्वांत जास्त होमरन मारणारा माणूस तोच, जो वर्षानुवर्षं खाली राहिला. या विक्रमाबद्दल त्याचं अभिनंदन करायचं की सांत्वन? शिडीच्या हिशेबानं हा विक्रम म्हणजे अपयशाचा दाखला. आणि तरी ४३३ वेळा तो चेंडू कुंपणाबाहेर गेलाच आहे. तो काही परत आत येत नाही.

*

आता आमचं मैदान. आमच्याकडे शिडी नाही. यवतमाळ जिल्ह्यात टेनिस बॉलचा हंगाम पंचांग पाहून ठरत नाही, पिकं पाहून ठरतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे निघतं. कपाशीची वेचणी थंडीभर चालते. ज्यांना फरदड घ्यायची असते त्यांचं शेत आणखी अडकतं. तूर निघते, हरभरा निघतो, तसतशी पोरं मोकळी होत जातात. मैदान म्हणजे शाळेचं पटांगण, नाहीतर ई-क्लासची जागा, नाहीतर कुणीतरी मोठ्या मनानं दिलेलं रिकामं वावर. रोलर फिरवायचा, मॅट अंथरायची, चुन्यानं बाउंड्री आखायची. काळ्या मातीला मार्चनंतर भेगा पडतात, त्यात चेंडू अडकला की किती रन धरायचे यावर वाद. मे महिन्यात दुपारी ४४ डिग्रीत खेळणं शक्य नसतं, मग सकाळ-संध्याकाळ सामने, नाहीतर हॅलोजन लावून रात्री. मृग जवळ आला, वखर निघाले, की हंगाम संपला. फायनल राहिली असेल तरी लोक शेतात जातात.

गेल्या हंगामात आम्ही ९ स्पर्धा खेळलो. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, एकदा तर पार पुसदपर्यंत. २३ सामने, १४ जिंकले, ९ हरलो. एकही स्पर्धा जिंकली नाही. बाद फेरीचं गणित असं असतं की स्पर्धा जिंकत नसाल तर जितक्या स्पर्धा तितकेच पराभव. ३२ संघांची स्पर्धा असेल तर एकूण ३१ सामने होतात आणि ३१ संघ हरतात. दर सामना एकेका गावाला घरी पाठवतो. शेवटी एकच संघ उरतो, जो हरलेला नसतो.

मग बाकीची ३१ गावं वेडी आहेत का? एका गावाला ३१,००० रुपये आणि ट्रॉफी मिळावी म्हणून ३१ गावांनी प्रवेश फी भरायची, पेट्रोल जाळायचं, उन्हात उभं राहायचं?

हा प्रश्न आमच्या ओपनरला रोज घरी विचारला जातो. तो ३१ वर्षांचा आहे. हंगामात जिनिंगवर काम करतो, एरवी मजुरी आणि थोडं घरचं वावर. सामना असेल त्या दिवशी कुणाशी तरी पाळी बदलून येतो. त्याचे वडील एकच वाक्य बोलतात, "याच्यानं पोट भरते का?" भरत नाही. उलट खिशातले जातात. दहा वर्षं तो आमच्यासाठी पहिला चेंडू खेळतो आहे.

त्याच्या बाजूनं लोक तीन उत्तरं देतात. मी तिन्ही तपासून पाहिली.

पहिलं, निष्काम कर्म. फळाची आशा धरू नये, खेळत राहावं. हे बोलायला छान आहे, पण मैदानावर खोटं ठरतं. आमच्या ओपनरला फळ हवं असतं. पायचीत दिलं तर तो अंपायरशी पाच मिनिटं भांडतो. हरल्यावर परतीच्या वाटेवर गाडीवर एक शब्द बोलत नाही. ज्याला जिंकायचंच नाही त्याच्याशी खेळण्यात मजाही नसते. शिवाय मला एक शंका येते. फळाची आशा सोडा हा उपदेश बहुतेक वेळा फळं वाटून झाल्यावर, ज्यांना मिळाली नाहीत त्यांनाच केला जातो.

दुसरं उत्तर, उमेश यादव. खाणकामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढला, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी. आमच्या भागात प्रत्येक वेगवान बॉलरला हे नाव कधी ना कधी ऐकवलं जातं. उदाहरण खरं आहे, पण त्यावर ३१ वर्षांच्या माणसाचा दिवस बेतणं म्हणजे लॉटरी लागलेल्या शेजाऱ्याकडे पाहून घराचा हप्ता ठरवणं. आणि हे त्यालाही कळतं. आपण कुठं पोहोचणार नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्याला स्वप्नाळू समजणं हा त्याचा अपमान आहे.

तिसरं उत्तर तत्त्वज्ञांचं. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ मध्ये खेळाची व्याख्या केली होती. तिचा गाभा असा की आपण होऊन अनावश्यक अडथळे घ्यायचे आणि ते पार करायचे, म्हणजे खेळ. चेंडू बाउंड्रीपलीकडे न्यायचाच असेल तर उचलून नेता येतो. पण आपण ठरवतो की नाही, बॅटनंच न्यायचा, समोर अकरा माणसं अडवायला असताना न्यायचा. म्हणजे खेळाची किंमत खेळाच्या बाहेर शोधायचीच नाही. हे मला बरंचसं पटतं. पण सूट्सच्या उत्तरात एक माणूस एकटाही बसतो. एकटा माणूस पत्त्यांचा डाव मांडून असे अडथळे घेऊ शकतो. आमचा ओपनर एकटा खेळत नाही. त्याला दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं.

*

इथं मला आपल्या विदर्भाचा इतिहास मदतीला आला. विदर्भ १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी खेळतो आहे. पहिली फायनल गाठली ती २०१७-१८ मध्ये. दिल्लीला हरवलं, रजनीश गुरबानीनं फायनलमध्ये हॅट्ट्रिक घेतली, फैज फझलच्या हातात करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. आज सगळे विदर्भाचं कौतुक करतात. पण त्याआधीच्या ६० वर्षांचं काय? त्या काळात बाकीच्यांच्या लेखी आपण गुणतक्त्यातली भरती होतो. १९७५ साली विदर्भाकडून खेळणाऱ्याला २०१८ दिसत नव्हतं. त्याच्या खेळाला काही किंमत होती की नव्हती? पुढं करंडक आला म्हणून ती किंमत मागाहून जमा झाली, असं तर म्हणता येत नाही. नसता आला तर? किंमत असेल तर तेव्हाच होती.

ती कुठून येते, याचं उत्तर मला एका आकड्यात सापडलं. ८ नोव्हेंबर २०२१ ला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत आमच्याच जिल्ह्यातल्या अक्षय कर्णेवारनं मणिपूरविरुद्ध ४ षटकं टाकली. चारही निर्धाव, शून्य धावा, २ बळी. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत असं आधी कुणी केलं नव्हतं. अक्षय दोन्ही हातांनी बॉलिंग करतो, त्यामुळे आमच्याकडे त्याच्या गोष्टी आधीपासून चालतात. हा विक्रम ऐकून आम्ही नाचलो होतो.

पण विक्रम झाला तेव्हा समोर मणिपूरचे बॅट्समन होते. २४ चेंडू त्यांनी रन काढायचा खराखुरा प्रयत्न केला आणि निघाला नाही. समजा ते नुसते उभे राहिले असते, तर तो विक्रम राहिला असता का? कच्च्या लिंबाला आउट करून कुणी टाळ्या घेत नाही. म्हणजे अक्षयच्या विक्रमाला किंमत आहे, कारण समोरच्यांना किंमत आहे. ते भरती असतील तर विक्रमही फुसका.

हेच ३१ गावांचं उत्तर. जिंकणाऱ्या एका गावाला ट्रॉफी उंचावण्यात अर्थ तेव्हाच वाटतो, जेव्हा उरलेली ३१ गावं जिंकायलाच आलेली असतात. हरणाऱ्याशिवाय जिंकणारा नसतो, एवढंच मला म्हणायचं नाही. हरणाऱ्याला धरलेलं नसेल तर जिंकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ट्रॉफी एका गावात जाते, पण ती खरी ठेवायचं काम ३२ गावं करत असतात. आमच्या ओपनरला दारव्ह्यापासून दिग्रसपर्यंत पाच-पन्नास बॉलर ओळखतात. तो आला की फिल्डर मागं पाठवतात. त्याच्यासाठी कुणीतरी विचार करून ठेवलेला असतो. पोट भरत नाही, पण तो धरला जातो.

*

हे सगळं छान जुळत होतं, तोच मे महिन्यात शेवटची स्पर्धा आली.

पहिलं बक्षीस ५१,००० रुपये. आणि खुला गट. आमच्याकडे स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. एक म्हणजे 'एक गाव एक संघ', त्यात आधार कार्ड तपासतात, पत्ता गावचा नसेल तर खेळता येत नाही. दुसरा खुला गट, तिथं कुणालाही आणा. गावातल्या एका जरा पैसेवाल्या माणसानं सांगितलं की प्रवेश फी मी भरतो, बाहेरचे दोन खेळाडूही मी आणतो, पण या वेळी ट्रॉफी गावात आली पाहिजे.

शाळेच्या ओट्यावर मीटिंग झाली. बाहेरचे दोन आले तर आपले दोन बसणार, आणि त्यातला एक ओपनर असणार हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी म्हणालं, नऊ स्पर्धांत एकदा तरी जिंकू द्या. कुणी म्हणालं, भाड्याच्या माणसानं जिंकून दिलं तर ते गावाचं कसं? मी म्हणालो, आणू नये. कॅप्टननं मधला मार्ग काढला. दोन नाही, एकच आणायचा. मधला मार्ग बहुमताला आवडतो. ज्याची जागा जाते त्याच्यासाठी तो मधला नसतो.

माझा पहिला युक्तिवाद होता की बाहेरचा तो बाहेरचा. घरी आल्यावर मलाच तो पटेना. कारण आमच्या संघात मध्य प्रदेशातून जिनिंगवर कामाला आलेला एक पोरगा होता. जानेवारीपासून सरावाला रोज यायचा, डावखुरा, यॉर्कर चांगला. पण 'एक गाव एक संघ'वाल्या प्रत्येक स्पर्धेत त्याला आधार कार्डामुळे बाहेर बसावं लागलं. पत्ता दुसऱ्या राज्यातला. तेव्हा आम्हीच आयोजकांशी भांडलो होतो की हा आमचा आहे. मग बाहेरचा नको हे मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली तेव्हा मला फरक दिसला. आधारचा नियम पत्ता पाहतो. पैसा फक्त रन पाहतो. हंगामभर कोण होतं, हे दोघंही पाहत नाहीत. तो डावखुरा पोरगा आमचा होता, कारण तो जानेवारीच्या थंडीत होता, नेरला हरलो तेव्हा होता, रोलर ओढताना होता. जन्मानं कुणी संघाचा होत नाही आणि कागदानंही होत नाही. हंगामभर असण्यानं होतो.

*

ठरल्याप्रमाणे बाहेरचा खेळाडू आला. शेजारच्या तालुक्यातला, २४ वर्षांचा. सामन्याचे २,००० रुपये आणि पेट्रोल वेगळं. मला वाटलं होतं तो मिजासखोर निघेल. तसं काही नव्हतं. हंगामात तो जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावासाठी खेळतो. दोन सामने खराब गेले की फोन यायचे बंद होतात. खांदा दुखत होता, तरी पट्टी बांधून आला होता. दवाखाना झाला तर खर्च त्याचा. खरा मायनर लीगवाला तोच होता. फक्त त्याच्यावर वरचा संघ नाही, करार नाही, युनियन नाही.

पहिल्या सामन्याआधी तो मॅटजवळ उभा राहून खेळपट्टी पाहत होता. ओपनर पाण्याची कॅन घेऊन गेला होता, कारण बाराव्याचं काम तेच. त्यानं ओपनरलाच विचारलं, "भाऊ, इथं बॉल थांबते का?" ओपनरनं सांगितलं की शाळेकडच्या बाजूनं थांबतो, दुसऱ्या बाजूनं सरळ येतो, तिकडून आला तरच उचल. त्या सामन्यात बाहेरच्यानं १३ चेंडूंत ३४ मारले. बहुतेक सगळे दुसऱ्या बाजूच्या बॉलिंगवर.

मी अ‍ॅपमध्ये ३४ लिहिले. ओपनरच्या सांगण्याला अ‍ॅपमध्ये रकाना नव्हता. आणि ज्यानं ३४ मारले त्याचं नाव यादीत कुणीतरी 'गेस्ट' एवढंच टाकलं होतं. तीन सामने तो आमच्याकडून खेळला, पण त्याचं आडनाव कुणी विचारलं नाही. ओपनर होता, पण धरला गेला नाही. त्या पाहुण्याचे रन धरले गेले, तो धरला गेला नाही. एकाच संघात दोन कच्चे लिंबू, आणि दोघांमुळेच आम्ही दोन सामने जिंकलो. तिसऱ्यात हरलो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. काम नसेल तर तो 'बेंच'वर असतो. हे शब्द वापरताना कुणाच्या मनात वाईट हेतू नसतो. मीही वापरतो. पण शब्दाचा एक परिणाम होतो. रिसोर्सला कुणी विचारत नाही, त्याला हलवतात. कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं असं होतं की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. 'नुसतं' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण एकमेकांना वापरतोच. ओपनर माझा स्कोअर वापरतो, मी त्याच्या रनांवर मिरवतो. प्रश्न असतो की वापरताना समोर माणूस आहे हे लक्षात राहिलं का.

हंगाम संपल्यावर मी ओपनरला विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, "वाईट त वाटलंच. पण मले विचारलं असतं त मीच बसलो असतो. गावाची ट्रॉफी कोणाले नको हाय? कोणी विचारलंच नाही."

या वाक्यावर एक आक्षेप घेता येतो. विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता तर? मग मीटिंगचा वेळ वाया, भांडण वेगळं. खरं आहे. म्हणून तर विचारणं अवघड असतं. नकार ऐकायची तयारी नसेल तर ते विचारणं नसतं, कळवणं असतं. कुठलाही संघ निवडताना कुणीतरी बसणारच, अकरापेक्षा जास्त खेळू शकत नाहीत. आपल्याच गावातला चांगला पोरगा आला आणि ओपनर बसला, तर तो ज्या स्पर्धेत होता त्याच स्पर्धेत हरला, आणि त्यात त्याचा मान आहे. इथं मात्र कसोटीच बदलली गेली. हंगामभर एका हिशेबानं खेळवलं, शेवटी दुसरा हिशेब काढला, आणि तो बदलताना त्याला बोलावलं नाही. लहान मुलालाही कच्चा लिंबू करताना आपण विचारत नाही. त्याच्या डोक्यावरून ठरवतो.

पुढच्या हंगामासाठी मी संघाच्या ग्रुपवर दोन गोष्टी लिहिल्या आहेत. खुल्या गटात बाहेरचा आणायचा असेल तर तो जानेवारीपासून आणा. आपल्याबरोबर हरू द्या, रोलर ओढू द्या, त्याचं पूर्ण नाव यादीत लिहा, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च संघानं करायचा. आणि ज्याला बसवायचं त्याला आधी विचारायचं, सगळ्यांसमोर. यावर अजून एकमत झालेलं नाही. कॅप्टन म्हणतो की असं केलं तर आपण कधीच ट्रॉफी जिंकणार नाही. त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं.

तरी मला वाटतं की हा सौदा करण्यासारखा आहे. ३२ पैकी ३१ गावं हरणारच आहेत, दरवर्षी, गणितानंच. त्या ३१ मध्ये असणं ही शरम नाही, कारण ट्रॉफीला खरेपणा त्यांच्यामुळेच येतो. शरम एवढीच की आपल्या सोबत उभ्या असलेल्या माणसाला आपण खेळात घेतलं आणि धरलं नाही.